दूध कळकत नाही

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएस या नसांच्या आजाराची साथ आली, तेव्हापासून धायरीची माझी मावशी पाण्याच्या बाबतीत कुणावरच विश्वास ठेवेनाशी झाली. उकळायचं, गाळायचं, तुरटी फिरवायची, तरी पेला तोंडाला लावताना हात अडखळायचा. मार्चमध्ये तिचा फोन आला, "अगं, उद्या तो फिल्टरवाला येतोय दाखवायला. तू येऊन बस. तुला त्यातलं कळतं." मी बावीस वर्षं पुण्यातल्या एका खासगी प्रयोगशाळेत अन्नपाण्यातले धातू मोजायचं काम केलं. त्यामुळे नात्यागोत्यातून हळदीच्या पुड्या, बोअरच्या पाण्याच्या बाटल्या, बाळाच्या नाचणीसत्त्वाचे डबे माझ्याकडे येत राहतात, "जरा मशीनवर टाकून बघ ना" म्हणून. मी गेले.

मुलगा पंचविशीचा, नम्र. त्यानं ओट्यावर काचेचे दोन पेले ठेवले. एकात मावशीच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात स्वतःच्या बाटलीतलं आरओचं. पिशवीतून एक उपकरण काढलं. त्याला वर वायर आणि प्लग, खाली दोन्ही पेल्यांत बुडतील अशा धातूच्या कांड्या. बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात नळाच्या पाण्यात पिवळट धागे सुटायला लागले, मग पाणी हिरवट गढूळ झालं, मग तपकिरी साका धरला आणि वर फेस आला. आरओचा पेला तसाच नितळ. "बघा काकू, हे तुम्ही रोज पिताय." मावशीनं पदर तोंडाला लावला.

मी मिठाचा डबा मागितला. आरओच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकलं, ढवळलं आणि त्याला म्हटलं, आता लाव. तोच पिवळा रंग, तोच साका, उलट आधीपेक्षा जोरात. पाण्यात लपलेलं असं काही बाहेर आलंच नव्हतं. त्या कांड्यांमधली एक लोखंडाची असते. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि त्याचाच गंज आपल्याला पेल्यात दिसतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वीज वाहत नाही आणि पाणी नितळ राहतं. मुलगा खरोखर गोंधळला. "मॅडम, आम्हाला ट्रेनिंगमध्ये हेच शिकवलंय," म्हणाला. त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता. त्याला शिकवणाऱ्यांचा मात्र मला आजही राग आहे.

तो गेल्यावर मावशीनं चहा टाकला आणि विचारलं, "ते जाऊ दे. पण मग आपल्या नळाला शिसं येतं का नाही, तेवढं सांग." मला सांगता आलं नाही. तिच्या नळाचा आकडा माझ्याकडे नव्हता, आणि तो कुठे बघायचा हेही मला तिला दाखवता आलं नाही. आपण खातो-पितो त्यातले धातू आणि खनिजं सरकारी खर्चानं, ठरलेल्या वेळी, आपल्या नळाशी आणि आपल्या बाजारात मोजली गेली पाहिजेत, आणि ते आकडे कुणालाही वाचता येतील असे समोर ठेवले पाहिजेत, हे माझं म्हणणं त्या चहाच्या कपापाशी पक्कं झालं. हे होत नाही तोवर ती जागा भरायला कांड्यांचं उपकरण घेऊन कुणीतरी येतच राहणार.

त्या मुलाच्या खिशात आणखी एक पेन होतं, टीडीएसचं. आज पुण्यात हजारो घरांच्या ओट्यावर ते आहे आणि लोक त्यावरचा आकडा ताप बघावा तसा बघतात. ते पेन फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते बघतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. ते क्षार म्हणजे मुख्यतः कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, म्हणजे बहुतेक शरीराला लागणारेच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकारार्ह पातळी लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि शिशाची ०.०१ मिलिग्रॅम. शिसं मर्यादेच्या दसपट झालं तरी ते ०.१ होईल, आणि पेनावर तर दशांश चिन्हच नसतं. आकडा जागचा हलणार नाही. उलट वाघोली किंवा उंड्री-पिसोळीकडच्या सोसायटीत बोअरचं जड पाणी आलं, तर पेन सहाशे-सातशे दाखवेल आणि लोक घाबरतील, जरी ते पाणी काळ्या पाषाणातून आलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळेच जड असलं तरी. खडकवासल्याचं पाणी सह्याद्रीतल्या पावसाचं, मुळातच हलकं, ५०० च्या कितीतरी खाली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१९ मध्येच सांगितलं होतं की जिथे टीडीएस ५०० च्या आत आहे तिथे आरओवर बंदी घाला. तरी धरणाच्या पाण्यावर आरओ बसतात, पेलाभर पाण्यासाठी त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी मोरीत जातं, आणि ज्या शिशाची भीती घातली होती ते होतं की नव्हतं हे कुणीच पाहिलेलं नसतं.

आता मला ज्यासाठी हा लेख लिहायचा आहे ती गोष्ट सांगते. ती पुण्याचीच आहे आणि पुण्यातच फार थोड्यांना ठाऊक आहे.

आपल्या भाषेत एक क्रियापद आहे, कळकणं. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं, चिंचेची आमटी राहिली की ती कळकते. हिरवट कडा दिसते, जिभेला तुरट-कडवट चव लागते, पोटात ढवळतं. माझी आजी आमटीचं पातेलं ओतताना बोटानं तळ चाचपायची, कल्हई गेली असेल तर ते पातेलं कल्हईवाला येईपर्यंत बाजूला. आंबटाचं तिला बरोबर कळायचं. दुधासाठी मात्र तिनं कधी तळ चाचपला नाही. दूध आंबट नाही, ते हिरवं पडत नाही, पितळेत तापवलं तरी नेहमीसारखंच लागतं. दूध कळकतं असं मराठीत कुणी म्हणत नाही.

त्या काळात पुण्याच्या आसपास, आणि देशात इतरत्रही, दीड-दोन वर्षांची मुलं एका आजारानं जायची. पोट फुगायचं, यकृत दगडासारखं लागायचं, मग कावीळ, मग काही महिन्यांत खेळ संपायचा. घरोघर म्हणायचे, पोर लिव्हरनं गेलं. एकाच घरात दोन दोन भावंडं जायची, म्हणून लोकांनी आणि डॉक्टरांनीही ते रक्तातलं, घराण्यातलं मानलं होतं. पुस्तकातलं नाव इंडियन चाइल्डहुड सिरोसिस. नावातच आपला देश.

रास्ता पेठेतल्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि त्यांच्याबरोबर काम करणारे ब्रिटिश डॉक्टर स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या यकृतातलं तांबं मोजलं. निरोगी यकृताच्या कोरड्या वजनाच्या एका ग्रॅममध्ये तांबं साधारण ५० मायक्रोग्रॅमच्या आत असतं. या मुलांच्या यकृतात ते शेकड्यांनी होतं. मग प्रश्न आला की एवढं तांबं आलं कुठून, आणि तपास घराच्या स्वयंपाकघरात गेला. कोणतं दूध पाजता, कधीपासून, कशात तापवता, कशात ठेवता. १९८३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध आला. वरचं दूध लवकर सुरू झालेलं, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं आणि ठेवलेलं. दुधातलं केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवतं, म्हणून भांड्यातलं तांबं दुधात जास्त उतरतं. मोठ्या माणसाचं यकृत जास्तीचं तांबं पित्तातून बाहेर टाकतं. तान्ह्या बाळाला ते अजून नीट जमत नसतं, आणि दिवसातून पाच-सहा वेळा तेच दूध पोटात जात राहतं.

पुढे पुणे जिल्ह्यात घरोघरी सांगणं सुरू झालं की बाळाचं दूध पितळेत तापवू नका. स्टीलही याच सुमारास घराघरांत आलं, हेही नोंदवायला हवं. तांब्याबरोबर मुलांच्या शरीरातली काही उपजत दुर्बलताही असावी का, यावर शास्त्रज्ञांची चर्चा पुढेही चालू राहिली. पण आजार ओसरला. आजच्या तरुण बालरोगतज्ज्ञांना तो पुस्तकात भेटतो, वॉर्डात नाही. ऑस्ट्रियातल्या तिरोल प्रांतात १९०० ते १९७४ या काळात १३८ मुलं अशाच आजारानं गेल्याची नोंद पुढे आली. तिथेही दुधाची तांब्याची भांडी गेली आणि आजार गेला.

ही गोष्ट मी जिथे जमेल तिथे सांगते, कारण तिच्यात माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा आहे. आजीच्या अनुभवात काही खोट नव्हती. जिभेला आणि डोळ्यांना जे कळतं ते तिनं पिढ्यान्‌पिढ्या बरोबर हेरलं होतं. दुधातलं तांबं जिभेच्या पलीकडचं होतं. ते मोजल्यावरच कळलं, आणि तेही धरणात किंवा गोठ्यात मोजून कळलं नसतं. गाईच्या कासेतलं दूध निर्दोष होतं. घरातल्या पातेल्यात ते बदलत होतं.

आणि आज काय चाललंय? पितळ परत आलंय. तुळशीबागेत, तांबट आळीत, मोबाइलवरच्या जाहिरातींत पितळेची पातेली, तांब्याच्या बाटल्या, "आजीच्या काळचं आरोग्य" म्हणून. तांबट आळीतल्या कारागिरांच्या हाताला तोड नाही आणि त्यांचा धंदा चालावा असंच मला वाटतं. ठोक्याचा हंडा, परात, घंगाळ जरूर घ्या. पण बाळाचं दूध त्यात तापवू नका, हे त्या दुकानात कुणी सांगत नाही आणि भांड्यावर तशी चिठ्ठी नसते. ज्या शहरानं जगाला हे शिकवलं त्याच शहरात नव्या आया ते विसरतायत, म्हणजे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. कल्हईचाही प्रश्न आहे. खरी कल्हई कथलाची. कथील महाग, शिसं स्वस्त, आणि कथलात शिसं मिसळलं तर भांडं तितकंच चकचकीत दिसतं. चकाकीवरून ते आजीलाही ओळखता आलं नसतं.

मोजायचं ते शेवटच्या टप्प्यावर, ताटापाशी आणि पेल्यापाशी मोजा, असं मी म्हणते ते याच गोष्टीमुळे. जलशुद्धीकरण केंद्रातून पाणी चोख निघालं तरी ते मावशीच्या पेल्यात येईपर्यंत मोठ्या वाहिन्यांतून, सोसायटीच्या टाकीतून, पीव्हीसीच्या पाइपातून आणि पितळी तोटीतून येतं. पीव्हीसी पाइप टिकाऊ व्हावेत म्हणून त्यात वर्षानुवर्षं शिशाची संयुगं वापरली गेली. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये त्यावर मर्यादा घालणारे नियम काढले, पण त्याआधी बांधलेल्या इमारतींच्या भिंतींत आधीचेच पाइप आहेत. रात्रभर पाइपात उभं राहिलेलं सकाळचं पहिलं पाणी आणि पाच मिनिटं वाहून गेल्यावरचं पाणी यांत फरक पडू शकतो, म्हणून दोन्ही वेगवेगळं घ्यावं लागतं. केंद्रातला अहवाल कितीही प्रामाणिक असला तरी या शेवटच्या तीस फुटांबद्दल तो काहीच सांगत नाही. नदीकाठच्या भाजीचंही तसंच. शहराच्या खालच्या अंगाला मांजरी, लोणीच्या बाजूला मुळा-मुठेच्या पाण्यावर भाजी होते. पालेभाजी मातीतलं कॅडमियम धान्यापेक्षा आणि फळांपेक्षा जास्त ओढते. जुडी घेणाऱ्या बाईला तिच्यात काय आहे हे पाहायचा काही मार्ग नाही, आणि पिकवणाऱ्या शेतकऱ्यालाही नाही. त्या पाण्यात त्यानं काही सोडलेलं नाही. ते शहरानं सोडलंय.

शिशाबद्दल इतका आग्रह का, असं कुणी विचारेल. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीनं शिशासाठी आठवड्याला इतकं चालेल अशी एक मर्यादा ठरवली होती. २०१० मध्ये समितीनं ती मागे घेतली, कारण मुलांच्या बुद्धीवर ज्याच्याखाली परिणामच होत नाही अशी पातळी तिला सांगता येईना. २०२० मध्ये युनिसेफच्या अहवालात भारतातल्या २७ कोटींहून जास्त मुलांच्या रक्तात शिसं डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या वर असल्याचा अंदाज होता. पेट्रोलमधलं शिसं आपण २००० साली बंद केलं. जे उरलं ते जुन्या बॅटऱ्या फोडण्यातून, रंगांतून, भांड्यांतून आणि मसाल्यांतून येतं. त्यातल्या मसाल्यांचं मोजमाप सगळ्यांत सोपं आहे.

हळदीचं कांड पॉलिश करताना ते पिवळं धमक दिसावं म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट हे शिशाचं पिवळं संयुग लावतात. हा रंग रस्त्यावरच्या पट्ट्यांत वापरायचा. बांगलादेशात संशोधकांनी बाजारातल्या हळदीत तो शोधून काढला, २०१९ मध्ये ते जाहीर केलं आणि सरकारनं पाठ धरली. क्ष-किरणांनी धातू ओळखणारं, हातात धरायचं एक्सआरएफ यंत्र घेऊन अधिकारी घाऊक बाजारात गेले, कांडावर यंत्र टेकवलं आणि तिथल्या तिथे शिसं दाखवलं. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडलं होतं, २०२१ मध्ये एकाही नमुन्यात नाही. दोन वर्षांत. हे वाचलं तेव्हा मी टेबलापासून उठून एक फेरी मारून आले होते. भारतात हळदीसाठी शिशाची मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम आहे. चार दक्षिण आशियाई देशांतल्या शहरांमधली हळद तपासून २०२४ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पाटणा, कराची आणि पेशावरला हजाराच्या वरचे नमुने निघाले.

आपली सांगलीची हळद देशात नावाजलेली, २०१८ पासून तिला भौगोलिक मानांकन आहे. मला वाटतं, पुण्याच्या मार्केट यार्डात, भुसार विभागात, असं एक यंत्र कायम असलं तर त्याचा सगळ्यांत मोठा फायदा सांगलीच्या प्रामाणिक शेतकऱ्यालाच होईल. आज त्याची मळकट पिवळी हळद आणि रंग लावलेली झगझगीत हळद शेजारी शेजारी मांडली की गिऱ्हाईक झगझगीत उचलतं. पोत्यावर यंत्र टेकवून मिनिटभरात आकडा फळ्यावर लिहिला तर भाव कुणाला मिळेल ते सांगायला नको. एवढं मात्र ध्यानात ठेवायला हवं की हे यंत्र किलोला काही मिलिग्रॅमच्या वरचंच नीट ओळखतं. पाण्यातलं शिसं त्याला दिसणार नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत न्यायचा, अन्न असेल तर नायट्रिक ॲसिडमध्ये शिजवून पूर्ण विरघळवायचा आणि आर्गॉनच्या ज्वाळेत सोडायचा. ती ज्वाला काही हजार अंशांवर असते आणि त्यातून बाहेर पडणारे अणू यंत्र वजनानुसार मोजतं. हे काम वेळखाऊ आहे आणि यंत्राची किंमत कोटीच्या घरात जाऊ शकते. पण अशी यंत्रं पुण्यात आहेत. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, शहरात राज्य आरोग्य प्रयोगशाळा आहे, मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळा आहेत. रसायनशास्त्र शिकणारी शेकडो मुलं दरवर्षी बाहेर पडतात.

या मागणीवरचा सगळ्यांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे, आणि मी तो हलका मानत नाही. आकडे जाहीर करा म्हणणं सोपं आहे, पण चुकीचा आकडा जाहीर झाला तर? २०१५ चं मॅगीचं प्रकरण आठवा. कोलकात्याच्या प्रयोगशाळेनं शिसं १७.२ पीपीएम, म्हणजे किलोला तेवढे मिलिग्रॅम, सांगितलं, मर्यादा २.५ ची. देशभर माल उचलला गेला, जाळला गेला. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बंदी रद्द केली, कारण ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर ती उभी होती त्यांना त्या तपासणीसाठी आवश्यक मान्यता नव्हती. फेरतपासणीत तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांनी शिसं मर्यादेत असल्याचं सांगितलं. लोकांच्या हाती काय राहिलं? काहींचा कंपनीवर अविश्वास, काहींचा सरकारवर, आणि आकड्यांवर सगळ्यांचाच.

मला हे आतून माहीत आहे. एकदा बाळांच्या आहाराच्या सात नमुन्यांत आम्हाला जस्त भलतंच जास्त येत होतं. दोन दिवस सगळे हवालदिल. मग आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी कोरा नमुना बघायला सांगितला, म्हणजे ज्यात अन्न काहीच नाही, फक्त ॲसिड आणि पाणी. त्यातही जस्त! ते हातमोज्यांच्या पावडरमधून येत होतं. मोजे बदलले, सातही नमुने पुन्हा केले, सगळे नीट आले. इतक्या बारीक मोजमापात हाताचा मोजा, खडूची धूळ, बाटलीचं झाकण, काहीही आकडा बिघडवतं. म्हणूनच प्रत्येक खेपेला कोरा नमुना, माहीत असलेल्या आकड्याचा नमुना आणि तोच नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत, एवढं झाल्याशिवाय आकडा बाहेर जाऊ नये. मॅगीच्या प्रकरणातून मी एवढाच धडा घेते की मोजमाप संकट आल्यावर घाईघाईनं करायचं काम नाही. दर सहा महिन्यांनी शांतपणे होणाऱ्या कामात चूक सापडते आणि सुधारता येते. दिवाळीच्या तोंडावर खव्यावर धाडी घालून चार फोटो येतात, त्यातून वर्षभराचं काहीच कळत नाही.

लोक घाबरतील, हा दुसरा आक्षेप. लोक आत्ताही घाबरलेलेच आहेत. माझी मावशी घाबरलेली होती, आणि तिच्याकडे आकडा नव्हता म्हणून जास्त घाबरलेली होती.

आणि मोजमाप काही फक्त विष शोधण्यासाठी नसतं. पोह्यांचं बघा. जुन्या पोषण तक्त्यांत १०० ग्रॅम पोह्यांत २० मिलिग्रॅम लोह असं छापलेलं असायचं. किती डॉक्टरांनी, किती आयांनी त्या भरवशावर मुलींना सांगितलं असेल, पोहे खा, रक्त वाढेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं देशभरातून ५२८ खाद्यपदार्थ गोळा करून नव्यानं मोजले आणि २०१७ मध्ये नवे तक्ते काढले. त्यात पोह्यांतलं लोह साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास आहे. माती, धूळ आणि कांडायच्या यंत्राचं लोखंड नमुन्याबरोबर मोजलं जाण्याचा धोका जुन्या पद्धतींत जास्त होता. प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवं, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्तक्षय निघाला. इतक्या बायकांच्या ताटाचा हिशेब आपण चुकीच्या आकड्यावर मांडत होतो.

नीट मोजल्यावर काय होतं त्याचंही उदाहरण आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं आणि इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेनं जास्त लोहाची 'धनशक्ती' बाजरी आणली. दाण्यांतलं लोह मोजून, जास्त लोहाचे निवडून ती घडली. नगर जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांना जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी खायला घातली, सहा महिने, आणि २०१५ मध्ये निष्कर्ष आले. ज्यांच्या अंगात लोह कमी होतं, त्यांची कमतरता भरून येण्याचं प्रमाण साध्या बाजरीच्या मुलांपेक्षा १.६ पट होतं. गोळी नाही, सरबत नाही, तीच भाकरी. पण पुण्याच्या बाजारात बाजरी घ्यायला गेलात तर कोणत्या पोत्यात लोह किती, हे लिहिलेलं सापडणार नाही. पाकिटबंद पदार्थावर सोडियम छापायची सक्ती आहे, लोह आणि कॅल्शियमची नाही.

मग नेमकं हवं काय? महापालिकेनं प्रत्येक प्रभागातल्या काही घरगुती नळांचं, टँकरचं आणि बोअरचं पाणी वर्षातून दोनदा शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, फ्लोराइड, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसाठी तपासावं, सकाळचं पहिलं पाणी धरून, आणि आकडा मर्यादेच्या शेजारी मराठीत लावावा, प्रभाग कार्यालयात आणि संकेतस्थळावर. अंगणवाडीचा शिधा आणि शाळेतली खिचडी ताटातून उचलून तपासावी. मार्केट यार्डात यंत्र ठेवावं. आणि एक गोष्ट तर कायद्यात आधीच आहे. अन्नसुरक्षा कायद्याच्या ४० व्या कलमानुसार कुणीही गिऱ्हाईक विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतं, आणि पदार्थ नियमाबाहेरचा निघाला तर ते शुल्क परत मिळतं. २००६ चा कायदा. मी आजवर हे कलम वापरलेली एकही गृहिणी पाहिलेली नाही, कारण नमुना कुठे द्यायचा, किती द्यायचा, किती पैसे, हे दारावर लिहिलेलं मला कुठेच दिसलं नाही. अन्न व औषध प्रशासनानं पुण्यात एक खिडकी उघडावी, तिच्यावर ही तीन वाक्यं लिहावीत. त्याला कोटी रुपये लागत नाहीत.

त्या चहानंतर मावशीनं दोन बाटल्या भरून दिल्या. तिच्या सवयीप्रमाणे कागदाची पट्टी चिकटवून, एकीवर "सकाळचं पहिलं", दुसरीवर "पाच मिनिटं सोडल्यावर". मी त्यांत नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकले, म्हणजे धातू बाटलीच्या भिंतीला चिकटत नाहीत. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी ते पाहिलं. संध्याकाळपर्यंत मावशीच्या जेवणाच्या टेबलावर अकरा फ्लॅटच्या बावीस बाटल्या उभ्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरून आलेल्या एका बाटलीवर फ्लॅट नंबरच्या खाली बॉलपेननं लिहिलं होतं, "बाळ ७ महिन्यांचं. आधी हिचं सांगा."